अण्णांच्या नावावरचा नकार

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. देवापुढेसुद्धा नाही — देवापुढे उभा राहिलो की मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागायचो आणि चपला घालून निघून यायचो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगितली तर तो पुन्हा माझ्या घरचा चहा पिणार नाही. आणि त्यात त्याचं काही चुकणारही नाही.

चोरी नाही केली मी. कुणाच्या अंगावर हात नाही टाकला. तसलं काही असतं तर एक बरं होतं — त्याला निदान शिक्षा तरी असते. मी जे केलं ते भर गावात, आमच्याच ओट्यावर बसून, शुद्ध स्वच्छ भाषेत बोलून केलं. आवाजसुद्धा चढवला नाही. त्या आवाजाचीच मला आज सगळ्यात जास्त किळस येते. किती समजूतदार आवाज होता तो!

लोक अजून विचारतात — तुम्ही त्या काळचे बी.ए., तुम्ही सांगा, शिकून खरंच काही होतं का? पदवीने माणूस वर जातो का, की धंदापाणी करणाराच पुढे जातो? मी हसतो आणि विषय बदलतो. हा प्रश्न मला एकदा विचारला गेला होता. विचारणाऱ्याने माझ्यावर सगळा भार टाकून विचारला होता. आणि मी त्याचं उत्तर दिलं होतं.

थांबा. मुळापासून सांगतो, नाहीतर माझी कातडी वाचवत सांगेन.

आमचं घर चिंचवडगावातलं. नदीकाठी थोडी जमीन. वडील गेले तेव्हा मी अंगणात उघडा फिरत होतो आणि माझे थोरले भाऊ, अण्णा, शाळेत दुसऱ्या यत्तेत होते. त्यांनी पाटी-दप्तर फळीवर ठेवलं ते कायमचं. पुढे तीच पाटी मला मिळाली. अण्णांनी नांगर धरला, गुरं राखली, भाजीची टोपली डोक्यावर घेऊन बाजार केले आणि मला शिकवलं. पुण्याच्या कॉलेजात घातलं. मी बी.ए. झालो तेव्हा त्यांनी पुण्याहून पेंटर आणून घराच्या दारावर माझं नाव रंगवून घेतलं, पुढे ‘बी. ए.’ अशी अक्षरं — नावापेक्षा मोठी. स्वतःचं नाव कुठेच नाही.

मला वाटायचं, आता मी मामलेदार होणार. निदान कुठला तरी साहेब होणार. गावालाही तसंच वाटायचं. म्हातारी माणसं मला बघून बिडी विझवायची. पण तिसऱ्या वर्गातल्या बी.ए.ला कोण पुसतो? अर्ज केले, भेटीगाठी घेतल्या, मग एका पेढीवर लिहिणावळ केली. तेवढ्यात पिंपरीला माळरानावर औषधांचा मोठा सरकारी कारखाना उभा राहिला आणि मला तिथे स्टोअरमध्ये कारकुनी मिळाली. कारखान्यात चोवीस तास एक आंबूस वास असायचा. तो कपड्यांना लागायचा. मी त्या वासाला घरी शिव्या द्यायचो आणि बाहेर मिरवायचो.

आणि अण्णा? पिंपरीला फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचा कॅम्प पडला होता. हजारो माणसं, आणि त्यांना रोज भाजी हवी. अण्णांनी बैलगाडी भरून तिथे न्यायला सुरुवात केली. तिथल्या बायकांशी बोलता यावं म्हणून चार सिंधी शब्द शिकले. मग चाकणच्या बाजारातून कांदा-बटाटा उचलू लागले. मग लष्कराच्या लिलावात एक जुनी लॉरी घेतली — हिरवी, पुढचा एक दिवा फुटलेली. दोन-तीन वर्षांत परिसरात भाजीपाल्याचं नाव निघालं की अण्णांचं निघू लागलं. कारखान्याच्या कँटीनला माल पुरवायचं कामही त्यांनाच मिळालं.

आता बघा गंमत. कँटीनचा माल आत यायचा तो स्टोअरमधून. तो बघून, वजन करून घ्यायचं काम माझं. म्हणजे ज्याने मला बी.ए. केलं त्याची वांगी-भोपळे मी टेबलाशी उभा राहून तपासायचो. गावात कुणीतरी बोललं — “बी.ए. होऊन भावाच्या टोपल्या मोजतोय.” ते माझ्या कानावर आलं.

एकदा मी चांगल्या बटाट्यांचं पोतं खराब म्हणून परत पाठवलं. अण्णांनी पोत्यात हात घातला, एक बटाटा बाहेर काढून बघितला, माझ्याकडे बघितलं. दुसरं पोतं घेऊन आले. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, जेवण गोड लागलं. — तुम्हाला शिसारी आली असेल तर इथेच थांबा. पुढे याहून वाईट आहे.

त्याच सुमारास कँटीनची नवी इमारत झाली. मोठ्या साहेबांनी माल पुरवणाऱ्या मंडळींना चहाला बोलावलं. अण्णा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून आले आणि साहेबांनी त्यांना शेजारची खुर्ची दिली. मी भिंतीशी कागद घेऊन उभा. अण्णांनी मला बघितलं आणि सगळ्यांदेखत हाक मारली, “बाळू, ये की, बस हितं.” साहेब हसून म्हणाले, “त्यांना काम आहे.” त्यावर अण्णा उठले. आपल्या हातातला चहा बशीसकट घेऊन माझ्यापर्यंत आले, तो माझ्या हातात दिला आणि साहेबांकडे वळून म्हणाले, “ह्यो माजा धाकला भाऊ, साहेब. बी.ए. झाल्याला हाय.”

त्यांच्या डोळ्यांत इतका अभिमान होता. आणि मी — मी त्यांचा द्वेष केला. त्या क्षणी, त्या चहाच्या बशीसकट. तुम्ही म्हणाल, प्रेमाने चहा आणून देणाऱ्याचा कुणी द्वेष करतं का? करतं. माझ्यासारखं करतं.

अण्णांना एकच मुलगी. कमळ. अंगाने बारीक, डोळे मोठे, आणि प्रश्न विचारून समोरच्याला दमवणारी. त्या काळात आमच्याकडे मुली चौथी झाल्या की शेणगोठ्याला लागायच्या. अण्णांनी हिला शाळेतून काढली नाही. भावकी बोलली, बायका बोलल्या. अण्णांनी कान दिला नाही. कमळ संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला यायची. माझ्यावर तिचा फार जीव. “काका सांगतात म्हणजे बरोबर,” असं ती मैत्रिणींना सांगायची.

कारखान्यात एकदा नोकरांच्या घरच्या माणसांना आत नेऊन सगळं दाखवायचं ठरलं. मी कमळला नेलं. प्रयोगशाळेत सुमतीबाई होत्या. एम.एस्सी. झालेल्या, विदर्भाकडच्या, लग्न न केलेल्या. पांढरा कोट, केसांची घट्ट वेणी. कारखान्याच्या वसतिगृहात राहायच्या आणि सायकलवरून यायच्या. त्यांनी कमळला सूक्ष्मदर्शकापाशी उभी केली.

“काय दिसतं गं?”

“जाळं आहे. कोळ्याचं नाही… बारीक आहे. फुटवे आहेत त्याला.”

“बुरशी आहे ती. तिच्यापासूनच औषध होतं इथे.”

“शिळ्या भाकरीवर येते ती?” कमळने डोळा न काढताच विचारलं.

“तिचीच लांबची बहीण,” बाई म्हणाल्या आणि मोठ्याने हसल्या. मग मला म्हणाल्या, “मॅट्रिक झाली की हिला सायन्सला घाला. पुस्तकं मी देते.”

परत घराच्या दारात आल्यावर कमळ एवढंच म्हणाली, “काका, मला तसा कोट घालायचाय.”

ती मॅट्रिक झाली. चांगल्या गुणांनी झाली. मास्तर स्वतः घरी आले आणि अण्णांना म्हणाले, पोरगी पुढे शिकवा. अण्णांनी गावात पेढे वाटले. आणि त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, ते माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसले.

इथवर लिहून मी वही मिटली होती; पुन्हा उघडली. आता तोच प्रसंग आला.

अण्णा म्हणाले, “बाळू, कमळीचं काय करायचं? मला इचारशील तर मला त्यातलं काय कळत न्हाई. तू शिकल्याला. तू व्हय म्हन, उद्या पुन्याला जाऊन नाव घालतो. तू न्हाई म्हन, इषय संपला.”

एवढा विश्वास कुणी कुणावर टाकू नये. टाकलाच, तर माझ्यासारख्यावर टाकू नये.

माझ्या मनात तेव्हा काय आलं, ते जसंच्या तसं सांगतो. ह्या माणसाकडे लॉरी आहे. ह्याला साहेब खुर्ची देतो. ह्या घरात माझं म्हणून एकच आहे — दारावरची ती अक्षरं. आता तीही ह्याच्या मुलीला मिळणार. आणि माझ्याहून चांगली मिळणार, कारण ती पोर माझ्याहून हुशार होती. हे मला तिला इंग्रजी शिकवतानाच कळलं होतं. उद्या ती पांढरा कोट घालून कारखान्यात येईल आणि मी स्टोअरमधून तिला कागद नेऊन देईन. भाऊ पुढे, पुतणी पुढे, मध्ये मी. नको. हे मला नको होतं.

कमळचा विचार माझ्या मनात आलाच नाही. एकदाही नाही.

मी म्हणालो, “अण्णा, शिकून काय होतं? माझंच बघा. एवढी पुस्तकं वाचली, काय झालो? कारकून. तुम्ही दुसरीही पुरी केली नाही आणि तुम्हाला साहेब खुर्ची देतो. शिक्षणाने माणूस वर येत नाही. तुम्ही आणि मी, दोघंही त्याचा पुरावा आहोत.”

हे बोलणं खोटं होतं का? शब्द बघाल तर खोटा एकही नव्हता. तीच तर घाण आहे. खरे शब्द मी विषासारखे वापरले.

आणि अण्णा हसले. म्हणाले, “तुजं काय वाईट हाय रं? सावलीत बसतूस. साहेब मला इंग्रजी कागद फुडं सारतो, मी हसून सही ठोकतो. काय लिवलंय देवाला ठावं. तवा पोटात काय व्हतं, ते तुला न्हाई कळायचं. लॉरीचं काय घेऊन बसलास, ती आज चालती, उद्या बसती. न्हाई, पोरगी शिकू दे. कारखान्यातल्या त्या बाईसारकी झाली तर माज्या जल्माचं सोनं हुईल.”

म्हणजे माझं सगळं वकिली बोलणं त्या न शिकलेल्या माणसाने एका हसण्यात उडवून लावलं. त्याला शिक्षणाची किंमत माझ्याहून जास्त कळत होती. मला तिथे थांबता आलं असतं. ‘बरं, घाला नाव’ एवढंच म्हणायचं होतं. किती सोपं होतं!

मी आवाज खाली आणला. म्हणालो, “त्या बाईचं नाव काढू नका, अण्णा. कारखान्यात तिच्याबद्दल काय बोललं जातं, तुम्हाला माहीत नाही. लग्न का केलं नाही तिने? वसतिगृहात कोण येतं-जातं… मी सांगणार नव्हतो. पण आपल्या मुलीला तिच्या हाताखाली—” आणि मी वाक्य अर्धवट सोडलं.

सुमतीबाईंबद्दल असं कुणीही काहीही बोलत नव्हतं. एक अक्षर नाही. ते सगळं मी तिथे, त्या ओट्यावर, बसल्या जागी तयार केलं. एका स्वच्छ बाईवर मी थुंकलो, आणि तेही का? तर माझ्या भावाच्या मुलीने माझ्यापेक्षा मोठं होऊ नये म्हणून. दारावरच्या अक्षरांसाठी! शिकलेल्या माणसाकडे एवढीच एक कला जास्त असते का हो — घाण करायची आणि हात स्वच्छ दिसू द्यायचे?

अण्णा काडीने जमीन उकरत राहिले. मग म्हणाले, “खरं?”

“रोज डोळ्यांनी बघतो मी.”

“मग न्हाई,” ते म्हणाले. उठले. दोन पावलं जाऊन परत आले. “कमळीला ह्यातलं काय बोलू नगंस. बाईमानसाची अब्रू हाय. मी न्हाई म्हन्लो, येवढंच सांगू. मी बाप हाय, माज्यावर येऊ दे.”

त्यांनी ते पाळलं. वहिनीला नाही सांगितलं, कुणाला नाही सांगितलं. मी ज्या बाईची अब्रू चारचौघांत नसली तरी एकाच्या मनात मातीत घातली, तिची अब्रू त्या माणसाने मरेपर्यंत सांभाळली. पुढे कँटीनच्या वाटेवर सुमतीबाई दिसल्या की अण्णा मान खाली घालून बाजूने जायचे. पूर्वी ते त्यांना हात जोडायचे. बाईंच्या ते लक्षात आलं असणार. का, ते त्यांना कधीच कळलं नसणार.

दुसऱ्या दिवशी कमळने जेवण सोडलं. बापाला विचारलं, आबा, का नाही? अण्णा म्हणाले, “मी न्हाई म्हन्लो म्हनून.” तिने पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. मग ती माझ्याकडे आली. रडून डोळे सुजले होते. म्हणाली, “काका, तुम्ही सांगितलं नाहीत का त्यांना?”

तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती. अजून नाव घालता आलं असतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला — हाच हात, ज्याने आत्ता लिहितोय — आणि म्हणालो, “खूप सांगितलं गं. हात जोडले. पण अडाणी माणूस, त्याच्या डोक्यात शिरलं तर ना.”

अडाणी. अण्णांना. मी.

तिने तो शब्द उचलला. काही दिवसांनी वहिनी तिची समजूत घालत होत्या, अण्णा दारातच होते, मीही होतो. कमळ ताडकन उठली आणि म्हणाली, “अडाणी बापाच्या पोटी आले हेच माझं चुकलं.” अण्णा फेटा सोडत होते; त्यांचे हात तसेच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. आता सांगतील, की अगं, ह्याला विचार. नाही बोलले. फेट्याची घडी केली, खुंटीला अडकवली आणि लॉरी घेऊन चाकणला निघून गेले. मी काय केलं? मी कमळला म्हणालो, “असं बोलू नये वडिलांना.” चांगला दिसलो मी. त्याही वेळी मीच चांगला दिसलो!

सुमतीबाईंनी मला एकदा थांबवलं. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती, पिशवीत त्यांची स्वतःची कॉलेजातली पुस्तकं. “कमळचं काय ठरलं?” मी म्हणालो, “तिलाच नको आहे पुढे शिकायला. घरकामाची आवड आहे तिला.” “असं? मग माझा अंदाज चुकला,” बाई म्हणाल्या आणि पिशवी घेऊन परत गेल्या. एका महिन्यात मी तीन माणसांशी तीन प्रकारचं खोटं बोललो, आणि तिघांनीही माझ्यावर विश्वास ठेवला. का? मी शिकलेला होतो म्हणून.

कमळचं लग्न तळेगावला झालं. किराणा दुकानवाल्यांच्या घरात. माणसं वाईट नव्हती. निघताना रीत म्हणून ती अण्णांच्या पाया पडली, पण रडली ती माझ्या गळ्यात पडून. अण्णा मागे उभे होते. पाहुण्यांना सांगत होते, “काकावर लई जीव हाय तिचा.” कौतुकाने सांगत होते हो. त्यात जरासुद्धा कडवटपणा नव्हता.

मग ती माहेराला येईना. पहिल्या दिवाळीला आली ती माझ्या क्वार्टरवर. मी तेव्हा कारखान्याच्या वसाहतीत राहायला गेलो होतो. आईला तिथेच बोलावून भेटली. अण्णांनी फराळाचा डबा वहिनीबरोबर पाठवला होता. तिने तो उघडला नाही, आमच्याच घरी ठेवून गेली. त्यातल्या करंज्या आम्ही खाल्ल्या. मी खाल्ल्या.

काही वर्षांनी अण्णा आजारी पडले. पोटात पाणी झालं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी कमळला निरोप पाठवला, ती नवऱ्याबरोबर आली. खाटेशी बसली. अण्णा विचारायचे आणि ती ‘हो’, ‘नाही’ एवढंच म्हणायची. पोरं बरी हायत? हो. दुकान चालतंय? हो. काय रागबिग न्हाई न्हवं? त्यावर ती उठली आणि औषध कुठे मिळतं ते विचारायला बाहेर गेली. मग परत तळेगावला गेली.

ती गेल्यावर दुपारच्या वेळी वॉर्डात मी आणि अण्णाच होतो. बाकीचे पेशंट झोपले होते. अण्णा म्हणाले, “बाळू, येक इचारू? त्या बाईचं तू बोलला व्हतास… ते खरं हुतं न्हवं?”

मी खाटेवरची चादर सारखी करू लागलो.

“न्हाई म्हंजे,” ते म्हणाले, “मी लई येळा बगितलं तिला, सायकलीवरनं जाताना. मला काय तशी वाटली न्हाई. पन तू रोज बगायचास, तुला म्हाईत. पोरगी बोलत न्हाई, म्हनून आपलं मनात आलं. खरं आसंल, तर मी बरूबर केलं म्हनायचं.”

मी म्हणालो, “खरं होतं, अण्णा.”

त्यांनी डोळे मिटले. “मग बरं झालं,” म्हणाले.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मरणाऱ्या माणसाला समाधान द्यायला मी तसं म्हणालो. ते खोटं आहे. अण्णा मरणार हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. मला भीती होती ती ते बरे होतील याची. बरे होतील, घरी येतील, आणि मग मला ओळखून माझ्याकडे बघतील. तेवढ्यासाठी बोललो मी. चार दिवसांत ते गेले. कमळ दहाव्याला आली, नदीवर लांब उभी राहिली. बायका म्हणाल्या, दगड आहे पोरगी. मी ऐकून घेतलं.

कमळने पुढे नाव काढलं. दुकानाचा कारभार तिने हातात घेतला, मिरची-हळद दळायची गिरणी घातली, मग तिचा माल पुण्यापर्यंत जाऊ लागला. आज तळेगावात तिला ओळखत नाही असा माणूस नाही. लोक मला म्हणतात, बघा, तुमची पुतणी कॉलेजची पायरी चढली नाही, पण भल्याभल्या पदवीवाल्यांना तिने कामावर ठेवलं. म्हणजे शिकून काय होतं, सांगा? आणि मला मोह होतो. हे फार सोयीचं आहे माझ्यासाठी. मी कदाचित तिचं भलंच केलं, असं म्हणता येईल. पण तिला गिरणी घालायची नव्हती. तिला काय हवं होतं, ते तिने मला घराच्या दारात सांगितलं होतं. ते मिळालं असतं तर ती मोठी झाली असती की माझ्यासारखी कारकून — ते कुणालाच सांगता येणार नाही. ते कळायची वेळच मी येऊ दिली नाही.

ती दर सणाला येते. आता तिचेही केस पिकलेत. माझ्या पाया पडते. कुणी पाहुणा असला तर त्याला सांगते, “ह्यांनी माझ्यासाठी हात जोडले होते वडिलांपुढे.” मी मान हलवतो.

परवा आली होती. जाताना उंबऱ्यात थांबली आणि जरा अडखळत म्हणाली, “काका, आबांचा एखादा फोटो आहे का हो तुमच्याकडे? नातवंडं विचारतात, पणजोबा कसे दिसायचे. माझ्याकडे एकही नाही. कधी मागितलाच नाही मी.”

तिचा आवाज मऊ झाला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतःहून त्यांचं नाव घेतलं होतं. फोटो भिंतीवर लागला असता. मग तिने त्याच्याकडे रोज बघितलं असतं. कधीतरी त्यांनी वाटलेले पेढे आठवले असते, कधीतरी तिने विचार केला असता, की असा माणूस ‘नाही’ का म्हणाला असेल —

“नाही गं,” मी म्हणालो. “त्या काळी कोण फोटो काढायचं?”

ती “हो, तेही खरंच,” म्हणाली आणि गेली.

फोटो आहे. लॉरीला टेकून उभे आहेत, फेटा जरा वाकडा झालाय, आणि हसताहेत. माझ्या कपाटात, खालच्या खणात, कपड्यांखाली ठेवलाय.